पिवळ्यातलं काळं

घंटा झाली. बाकीच्या बायका दाराकडे वळल्या आणि गुणमाला वळली नाही. खरं म्हणजे एवढंच झालं. पुढं त्याचं सांगलीभर काय काय झालं, कुणी म्हणालं जिनपालशेठच्या सुनेच्या अंगात आलं, कुणी म्हणालं असली मुंबईची चित्रं बघून बाईमाणसाचं डोकं फिरायचंच. पण मूळ गोष्ट एवढीच, की वाचनालयाच्या दिवाणखान्यात बायकांची वेळ संपल्याची घंटा झाली, पितळी, शेजारच्या शाळेतून मागून आणलेली, आणि एका बाईच्या पायांनी ती ऐकली नाही. कानांनी ऐकली. मानसुद्धा किंचित हलली. पाय मात्र शहाबादी फरशीत पुरल्यासारखे. "वैनी, चला की ओ," कस्तुरी म्हणाली. कस्तुरी म्हणजे नणंद, लग्नाची, बडबडी, सकाळपासून या प्रदर्शनासाठी वेणी घालून बसलेली. "तू हो पुढं." "पुढं हो काय? आता पुरुषमाणसं यायची. आप्पा यायचे, दादा यायचा, ते वकील यायचे." "येऊ देत." कस्तुरी हसली, मग हसू अर्ध्यावर ठेवून तिनं वहिनीच्या तोंडाकडं पाहिलं. "त्या करपलेल्या धिरड्यापुढं किती वेळ उभं राहायचं माणसानं?"

चित्र तसं मोठं नव्हतं. दोन पाट शेजारी मांडावेत एवढं. सगळं पिवळं, पण सणासुदीचं पिवळं नव्हे. शिजवून वाळत घातलेल्या हळकुंडाचं, मळकट, मातीकडं झुकलेलं. त्यात एक काळा गोल. मधोमध नाही, जरा डावीकडं, खाली. गोल म्हणावा तर गोलही नाही, त्याची कड एका बाजूनं फाटून पिवळ्यात शिरत गेलेली. कडेला राखेच्या रंगाचे दोन-तीन फटकारे. खाली चिठ्ठी : रचना. बस्स. बाकीच्या चित्रांत निदान शोधलं तर एखादं नाक सापडत होतं, गाईचं शिंग सापडत होतं, इथं काहीच नाही, म्हणून बायकांनी दुपारभर या चित्रापुढं मनसोक्त हसून घेतलं होतं. गुणमालाही हसली होती. धिरड्यावर तर पदर तोंडाला लावून हसली. मग नीट बघावं म्हणून एक पाऊल पुढं गेली आणि वास आला.

हळदीचा. आधी वाटलं चित्राचाच. मग कळलं, गोणपाटाचा. चित्रं लावायला भिंती पुरेनात म्हणून बांबूंवर गोणपाटाचे पडदे ताणले होते आणि ते सगळं बारदान आप्पांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, वखारीतलं. दारातल्या फळ्यावर तसे आभारही होते, खडूनं, ठळक. पडद्याची शिवण हरणाबाईनं घातलेली. हरणाबाई वखारीत पोती शिवायची. आत्ताही ती बाहेर व्हरांड्यात बसून उसवलेला एक पडदा टाचत होती. येताना गुणमालानं तिला पाहिलं होतं आणि नेहमीसारखं न पाहिल्यासारखं केलं होतं. हातात दाभण, तोंडात सुतळीचं टोक, मान खाली. कस्तुरी तिला म्हणाली होती, "काय हरणाबाई, चित्रं बघितलीस का न्हाई?" "मला कशाला चितरं? मी मागली बाजू बघती की."

पेव. हा शब्द गुणमालाच्या मनात आला नाही, तो तिच्या तळपायांखाली आला. फरशी पोकळ वाटली. सांगलीबाहेर नदीकाठानं गेलं की हरिपूर, आणि हरिपूरच्या जमिनीत पेवं खणलेली. वर माणूस अंग चोरून उतरेल एवढं तोंड, खाली रांजणासारखं पोट. त्यात हळद ओतायची, तोंड लिंपून टाकायचं आणि भाव येईपर्यंत विसरून जायचं. वर्षानं उघडा, दोन वर्षांनी उघडा, हळद जशीच्या तशी. आतली हवा मात्र तशी राहत नाही, तिच्यात माणूस गुदमरतो. म्हणून पेव फोडलं की ते उघडं ठेवायचं, मग पेटता कंदील दोराला बांधून आत सोडायचा. तळाला गेलेला कंदील जळत राहिला तर माणूस उतरेल. विझला तर नाही. हे तिथल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. गुणमाला समडोळीची, तिच्या माहेरी हळद पिकायची, काहिलीत शिजायची. पण पेव तिनं सासरी आल्यावर पहिल्यांदा पाहिलं. वरून. अस्संच. पिवळ्या धुळीत काळं तोंड.

लढाई ऐन भरात होती तेव्हा. आता लढाई संपूनही वर्ष झालं, म्हणजे किती, तीन वर्षं, पण हिशेब कशाला, तो दिवस मागं गेलेलाच नाही. नवी सून म्हणून तिच्या हातानं पेवाच्या तोंडाला कुंकू लावायचं होतं. सकाळी सासूबाईंनी कपाटातून रॉकेलची बाटली काढून दिली. रॉकेल रेशनवर, बाटली चांदीच्या भांड्यासारखी जपायची. "कंदील भर. सांडू नको." तिनं भरला. की नाही? नाही, भरला. फडकं लावून, थेंब न सांडता, काठोकाठ. बोटांना वास राहिला, तो राखेनं घासूनही गेला नाही आणि पेवाला लावलेल्या कुंकवालासुद्धा रॉकेलचा वास आला. हे तिला त्या दिवशी माहीत होतं. दुसऱ्या दिवशीही माहीत होतं. मग हळूहळू आठवणीतली बाटली हलकी होत गेली. पहिल्या वर्षी अर्धी. दुसऱ्या वर्षी तळाशी चार थेंब. या वर्षी ती डोळे मिटून कंदील भरायला बसली की बाटली उपडी धरलेली आणि तिच्यातून काहीच येत नाही.

"बाईसाब, आवं निघा की आता." हा नाथाजी. घंटा याच्याच हातात. साताऱ्याकडचा, पलटणीतून सुटून आलेला, खाकी पट्टा अजून कमरेला. "समद्या गेल्या. ननंदबाई बी भाईर जाऊन हुब्या ऱ्हायल्यात."

"बघते आहे मी."

"बघा की, पर उद्याच्याला बघा. चितर कुटं पळून जातंय? माझी नोकरी जाईल. ब्रह्मदेशात जपान्याम्होरं हुबा ऱ्हायलोय मी, पर तितं बी आसं आडून कोन बसलं न्हाई बगा."

ती हसली असती. हसायची वेळ होती. पण दोर खाली चालला होता. श्रेणिकच्या, नवऱ्याच्या, हातातला दोर. लग्नाला दोन महिने झालेले, तिला त्याच्या हाताच्या शिरासुद्धा अजून नव्या होत्या. कंदील उजळत उजळत गेला, पेवाच्या भिंती पिवळ्या झाल्या, आणि मग तळाला तो विझला. भडका नाही, फडफड नाही. माणसानं डोळा मिटावा तसा. स्टेशनात मालगाडीची वाघीण लागलेली. गाड्यांचे बैल जू टेकून उभे. मुंबईहून हळदीच्या चढ्या दराची तार आलेली. आप्पांनी पेवाकडं पाहिलं, गाड्यांकडं पाहिलं आणि म्हणाले, "तेल संपलं असणार. सूनबाई काटकसरी आहेत आमच्या, तेल हातचं राखून भरलंय." माणसं हसली. ते कौतुक होतं. नवी सून, जपून वापरणारी, चांगल्या घरची. कौतुक म्हणून ते वाक्य जन्माला आलं, हे नंतर कुणाला सांगून पटलं नसतं. ती म्हणाली, "भरलंय." पदरातल्या पदरात. तिला स्वतःला ऐकू आलं, एवढं नक्की. आणि गुंडा, हमालांतला गुंडा, धोतर खोचत तिच्याकडं बघून म्हणाला, "वैनीसाब, वाईट नका वाटून घिऊ. मला आतलं समदं तोंडपाठ हाय. डोळं मिटून पाट्या भरतो बगा." आणि उतरला. आतून हाक आली, "सोडा पाटी!" पाटी सोडली. पाटी लोंबत राहिली. लोंबत राहिली.

गुंडा म्हणजे हरणाबाईचा नवरा.

मग घरात एक वाक्य तयार झालं. कंदिलात तेल असतं तर कळलं असतं. ते फौजदाराला सांगितलं, बस्तीत देवदर्शनाला भेटलेल्या माणसांना सांगितलं, हरणाबाईला सांगितलं. रागानं कुणीच नाही. "पोर नवीन आहे, व्हायचं ते झालं," असं मायेनं. मायेपुढं काय बोलणार? हरणाबाईला वखारीत कायमचं काम दिलं. गुणमालाकडचं दिवाबत्तीचं काम काढून घेतलं, तेही न बोलता. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली की कस्तुरी कंदील पुसायला बसायची आणि ही तिथून उठून जायची. एकदाच, एकदाच हरणाबाई दाभणात सुतळी ओवता ओवता म्हणाली होती, "वैनीसाब, पळीभर त्याल घातलं आसतं तर." शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तेव्हापासून गुणमाला तिला बघून बघत नाही. तिच्या हातानं शिवलेल्या पोत्यांच्या घरात राहते. तिच्या हातानं शिवलेल्या पडद्यावर आज हे

हे पेव नाही.

तिला आधी डोळ्यांनी सांगितलं, मग बाकीच्या अंगानं मानलं. पेवाची कड कुदळीनं घेतलेली असते, साफ. ही कड मुरत गेलेली. पेव कधी मुरतं का? मुरतं ते काय? एका बाजूनं जास्त, कारण तिकडं उतार. कारण तिकडं जमीन उतरती होती. कारण तिकडं गाड्या उभ्या होत्या आणि चाकांनी धूळ दाबलेली होती. पिवळी धूळ. आणि राखेचे फटकारे म्हणजे काच. काच! विझलेला कंदील वर ओढून तिच्याच पायाशी ठेवला होता. पाटी लोंबत राहिल्यावर सगळे धावले, आप्पांचा जोडा लागला, कंदील आडवा झाला, काच फुटली, आणि टाकीतून रॉकेल बाहेर आलं. थेंब नव्हे. ओघळ. ते धुळीत पसरलं, काळं होत गेलं, कडेनं मुरत गेलं. सगळी माणसं पेवाच्या तोंडावर ओणवी होऊन गुंडाला हाका मारत होती आणि ती एकटी खाली बघत होती. तिच्या पायाशी ताटाएवढा काळा डाग. ती बघत होती तोवर तो परातीएवढा झाला. एवढं तेल. एवढं तेल असलेला कंदील तेल संपून विझत नाही.

हे ती विसरली कशी? विसरली नव्हती. कुणी विचारलं नव्हतं. आणि न विचारलेलं माणूस कुठं ठेवतं? पाठीत ठेवत असेल. आत्ता तिची पाठ सरळ होत होती, मणका मणका, कुणी मागून दोर ओढावा तशी.

"काय दिसतंय बाई तुम्हाला?" शेजारी एक काटकुळा तरुण. सदऱ्याच्या बाहीला रंग. पुरुषांची वेळ सुरू झाली होती. दारातून टोप्या, काठ्या, खोकणं आत येत होतं आणि तिला बघून बाजूनं वळसा घालून जात होतं. हा तेवढा जवळ आला होता. मूळ मेढ्याकडचा, आता मुंबईत असणारा मानसिंग, चित्र याचंच. दिवसभर हसणं ऐकून याचं तोंड आंबट झालेलं.

"तेल."

"तेल?" तो चित्राकडं नव्यानं बघू लागला. "तसं काही नाही त्यात. खरं सांगायचं तर वस्तूच नाही. रंगांचं वजन आहे नुसतं. हा पिवळा किती काळं पेलतो, एवढंच."

"सांडलेलं रॉकेल आहे. ही काच."

"नाही हो. मी काढलंय ना."

"तुम्ही काढलं असेल. सांडलं तेव्हा मी होते."

तो काही बोलणार होता. पण दारात आप्पांचा आवाज आला आणि आवाजामागून आप्पा, जरीचा पटका, पाठीमागं वकील हंबीरराव, त्यांच्या मागं श्रेणिक. आप्पांना सगळी चित्रं आवडत होती, कारण सगळी त्यांच्या बारदानावर होती. "या वकीलसाहेब, या. हे बघा मुंबईचं कौतुक. हे काय म्हणावं? अंड्याचा बलक का काय हे? आमच्या गोणपाटावर अंडं! बस्तीत कळलं तर वाळीत टाकतील मला." वकील हसले, टोप्या हसल्या. मग आप्पांना ती दिसली. हसू तसंच तोंडावर ठेवून त्यांनी आवाज खाली आणला. "सूनबाई, अजून इथंच? कस्तुरी बाहेर थांबलीय. चला, टांगा उभा आहे."

चला. तिला वाटलं पाय आता जातील. पाय चांगले वळणाचे होते, हाकेला जायची त्यांना सवय होती. ते गेले नाहीत.

"कंदिलात तेल होतं, आप्पा."

मोठ्यानं. पदराबाहेर. तिचा तिलाच आवाज ओळखीचा वाटला, समडोळीच्या मळ्यात पाखरं हाकतानाचा.

"कसला कंदील?" आप्पा म्हणाले.

आणि ते सोंग नव्हतं. तिनं त्यांच्या तोंडावर शोधलं, डोळ्यांत शोधलं, कपाळाच्या गंधात शोधलं. काहीही नव्हतं तिथं. आप्पांना खरोखरच आठवत नव्हतं. जे वाक्य ती उशाशी घेऊन निजत होती, पाण्याच्या घागरीबरोबर वाहत होती, ते त्यांनी बोलून झाल्यावर तिथंच टाकलं होतं, पानाची पिंक टाकावी तसं. तिला एकदम हलकं वाटलं. मग संताप आला, चांगला, ऊन, पोटातून.

"गुणा," श्रेणिक पुढं झाला. त्याला आठवत होतं. त्याचा उजवा हात मुठीत गेला होता, दोर धरल्यासारखा. "घरी बोलू."

"घरी कुणी विचारलं? पेवावर बोलले होते, भरलंय म्हणून. तुम्ही सगळ्यांत जवळ होता. ऐकलं होतं का नाही?"

श्रेणिकची मूठ उघडली.

"कंदील फुटला तेव्हा सांडलं. एवढं." तिनं चित्रातल्या काळ्यावर हात नेला. "हे एवढं."

"आँ, हात न्हाई लावायचा!" नाथाजी ओरडला. "तसं लिवल्यालं हाय."

"लावू द्या," मानसिंग म्हणाला.

तिनं हात लावला. रंग खरखरीत होता, वाळलेला, थंड. बोटाला काही लागलं नाही.

"त्याल व्हतं म्हंता?"

हे दारातून आलं. हरणाबाई उभी होती. हातात दाभण, दाभणात ओवलेली सुतळी मागं व्हरांड्यातल्या पडद्यापर्यंत गेलेली. ती घाईनं उठली होती, गाठ मारायचीही राहिली होती. गुणमालानं तिच्याकडं पाहिलं. पाहिलं म्हणजे पाहिलं. हरणाबाईच्या भुवईत पांढरा केस आला होता.

"होतं, हरणाबाई. काठोकाठ. मी भरलं होतं."

हरणाबाईनं ते ऐकून घेतलं. रडली नाही, कपाळ बडवलं नाही. पोत्याची शिवण पारखावी तसं तिनं ते वाक्य आतल्या आत ओढून पाहिलं, कुठं उसवतं का बघितलं. मग ती आप्पांकडं वळली.

"आनी त्याल व्हतं, तर कंदील का वो इझला, आप्पा?"

हंबीरराव वकिलांनी इतका वेळ कुठलंच चित्र नीट बघितलं नव्हतं; ते आता आप्पांच्या तोंडाकडं बघू लागले, एक डोळा बारीक करून, मान तिरकी करून. आप्पांच्या तोंडावर काहीतरी पसरत होतं. आधी ताटाएवढं. त्यांना आठवू लागलं होतं. गाड्या आठवल्या असतील, तार आठवली असेल. पटक्याखालून घामाचा ओघळ आला आणि गंधात शिरला.

"नाथाजी," आप्पा म्हणाले, "घंटा वाजव. बायकांची वेळ संपलीय ना? मग या आत कशा? वाजव."

नाथाजीनं एकदा हरणाबाईकडं पाहिलं, एकदा आप्पांकडं. मग त्यानं घंटा वाजवली. नोकरी होती त्याची. जोरात वाजवली, हात खांद्यापासून हलवत, पलटणीतल्यासारखी. हरणाबाई आत आली. सुतळी तिच्यामागं सरपटत आली, व्हरांड्यातला पडदा बांबूसकट आडवा झाला, त्याचा दणका घंटेतसुद्धा ऐकू आला. ती येऊन गुणमालाच्या शेजारी उभी राहिली, चित्राकडं पाठ करून. तिच्या लुगड्याला हळदीचा वास होता. गुणमालाही वळली आता, पण दाराकडं नाही. ती वळून तिच्यासारखीच उभी राहिली. दोघींच्या पाठीमागं पिवळं आणि काळं.

घंटा थांबली.

"का इझला?" हरणाबाईनं विचारलं.

आप्पांनी हात केला. घंटा पुन्हा सुरू झाली. दोघी उभ्या. घंटा थांबली.

"का इझला, आप्पा?" या खेपेला दोघींनी विचारलं.

दिवाणखान्यातून कुणी बाहेर जाईना. नाथाजीनं घंटा या हातातून त्या हातात घेतली.